सेफ्टीवाल्याची पोरगी कुठल्या शाळेत

मला पगार मिळतो तो भिण्याचा. वरठीजवळच्या पोलादाच्या कारखान्यात मी सुरक्षा विभागात आहे आणि तिथं मला सगळे सेफ्टीवाला म्हणतात. चार माणसं जिथं बिनधास्त काम करत असतील तिथं जाऊन उभं राहायचं आणि आता इथं काय काय होऊ शकतं याचा विचार करायचा, हे माझं काम. वरून काय पडेल, खालून काय फुटेल, कोणाचा पाय कशात अडकेल. बाकीच्यांना हे प्रशिक्षण देऊन शिकवावं लागतं. मी ते घरून शिकून आलो होतो. लहानपणी मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, आकाशपाळण्यात बसायच्या आधी मी पाळणेवाल्याला इतके प्रश्न विचारले, की माझ्या मागचे लोक रांग सोडून जायला लागले. त्यानं मला हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, "बाबू, तू मौत का कुआ पहायले जा, तिथं बसा लागत नाई."

असा माणूस एका मुलीचा बाप झाला. बायको आमची उपकेंद्रात नर्स. दिवसभर लेकरांना सुया टोचून, त्यांची रडारड ऐकून ती संध्याकाळी शांतपणे घरी येते आणि चहा मागते. आमच्या घरात भीतीचं खातं पूर्ण माझ्याकडे. टेबलाच्या कोपऱ्यांना मी फोम चिकटवला, मोरीच्या दाराला बाहेरून कडी लावली आणि पोरगी चालायला लागली तशी तिला शिट्टी शिकवली.

ही शिट्टी कारखान्यातली. आमच्याकडे लांब शिट्टी वाजली, की जो जिथं आहे त्यानं तिथंच थांबायचं. डोक्यावरून क्रेन लालबुंद लोखंड घेऊन चाललेली असते. घाबरून पळणारा माणूस नेमका तिच्याखाली जातो. म्हणून हलायचं नाही. आधी थांबायचं, मग वर बघायचं. पोरीला मी हेच शिकवलं. भंडाऱ्याच्या बाजारात ती हात सोडून पळाली, की मी शिट्टी मारायचो आणि ती भाजीवालीसमोर पुतळ्यासारखी उभी व्हायची, हात अंगाला चिकटवून. आजूबाजूचे दोन-चार मोठे लोकसुद्धा थांबायचे. पाहुणे आले की मी हा खेळ करून दाखवायचो. पाहुणे टाळ्या वाजवायचे. बायको मात्र तेवढ्या वेळापुरती स्वयंपाकघरात जायची. एकदा आतूनच म्हणाली, "पोरगी आहे का क्रेन आहे जी ते?"

अंगणवाडी आमच्या घरासमोर होती, म्हणून ती वर्षं निभावली. ओट्यावर बसलं की खिडकीतून तिची वेणी दिसायची. मग ती सहा वर्षांची झाली आणि पहिलीत घालायची वेळ आली. माझी खरी ड्यूटी सुरू झाली ती तेव्हापासून.

सगळ्यात आधी आली ती गावातली जिल्हा परिषदेची शाळा. म्हणजे शाळाच चालत आली असं म्हणा ना. भर मे महिन्यात, डोक्यावर पांढरा दुपट्टा बांधून मॅडम दारात उभ्या. आमच्याकडे मे महिन्यात गुरुजी-मॅडम घरोघरी पोरं गोळा करत फिरतात, कारण पट घटला की शाळेवर संक्रांत येते.

"तुमची पोरगी आमच्याचकडे टाका जी," मॅडम पाणी पिता पिता म्हणाल्या. "अजून दोन-चार पोट्टे कमी झाले तं एक मास्तर उचलतीन इथून."

"मॅडम, शाळेमागं बोडी आहे," मी म्हणालो. बोडी म्हणजे आमच्याकडचं धानासाठीचं छोटं तळं. "पावसाळ्यात भरते. मधात भिंत नाही."

"बोडी तं तुमच्या टायमालेही होती. तुमी वाचले ना?"

"मी तिकडे कधी गेलोच नाही."

हे अगदी खरं होतं. हातपंप बोडीच्या बाजूला होता, म्हणून चौथी पास होईपर्यंत मी शाळेत पाण्याचा घोट घेतला नाही. घरातून माझ्या मायनं लगेच साक्ष काढली, "होय वो मॅडम. हा पानी प्याले घरी ये. मास्तर म्हने, याले शुगर झाली का पहा."

मॅडम हसल्या, पण माझ्याकडे बघताना जरा विचारात पडल्या. मी सांगतो म्हणालो. सांगतो म्हणजे नाही, हे गावात सगळ्यांना कळतं.

दुसरं नाव कारखान्यातून आलं. चहाच्या वेळी क्रेनवाला मित्र म्हणाला, "कान्व्हेंटमधी टाक. सिस्टर लोकायची शाळा आहे भंडाऱ्याले. शिस्त म्हणजे शिस्त. माझा पोट्टा घरी आता भाजीलेही थँक्यू म्हनते."

"गावातली शाळा काही वाईट नाही," मी उगाच म्हणालो.

"वाईट कोन म्हनते बे? पन तिथं शिकून पोरगी तुझ्यासारखीच होईन."

तो इंग्रजीबद्दल बोलत होता. माझं इंग्रजी 'डेंजर' आणि 'नो एंट्री'च्या पलीकडे जात नाही. पण ते वाक्य ऐकून माझा कप हातातच राहिला. माझ्यासारखी. हातपंपाला घाबरून तहानलेली बसणारी. मी त्याच आठवड्यात सुट्टी टाकून भंडाऱ्याला गेलो, पोरीला आणि मायला घेऊन.

सिस्टर फार भल्या होत्या. दूर दक्षिणेतून आलेल्या, पण त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांनी वर्ग दाखवले, खेळायची जागा दाखवली. मी जिना बघत होतो. तीन मजले आणि जिना एकच. खिडक्यांना जाळ्या आणि जाळ्यांना कुलपं. मी विचारलं, "आग लागली तर किल्ली कोणाकडे असते?" सिस्टर म्हणाल्या, "माझ्याकडे." मी विचारलं, "आणि तुम्ही सुट्टीवर असाल तर?" त्यांनी किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्या हातात घेतला. मला वाटलं, मी एक जीव वाचवला. मायला वाटलं, मी ॲडमिशन घालवली. तिनं मला मागून चिमटा काढला.

सभागृहात भिंतीवर मोठा क्रूस होता. पोरगी त्याच्यासमोर थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, यायले कोनं टांगलं?"

धर्माचा प्रश्न, परक्याच्या घरात, आणि उत्तर मी द्यायचं. मी म्हणालो, "घरी गेल्यावर सांगतो." सिस्टर मात्र तिच्या उंचीला येऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "वाईट लोकांनी. ते लोकांचं भलं सांगत होते म्हणून."

"दुखलं असन त्यायले."

"हो गं. खूप."

पोरीनं मान हलवली. तिचं समाधान झालं. त्या दिवशी त्या इमारतीत झालेलं शहाण्यासारखं बोलणं तेवढंच.

बाहेर आलो तर शाळेची व्हॅन उभी. मायचा सगळा जीव प्रार्थनेच्या प्रश्नात अडकला होता. आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली. सकाळची वंदना झाल्याशिवाय माय अजून चहाला शिवत नाही. "आपन एकडाव धर्म बदलला तो समजून-उमजून," ती म्हणत होती. "आता शाळेपायी पुन्हा काही बदला तं नाई लागन ना रे बाबू?" माझं तिकडे लक्ष नव्हतं. देवाधर्मापेक्षा मला चाकं जास्त भेववतात. मी व्हॅनचे टायर दाबून बघितले, मागच्या सीटखाली गॅसची टाकी आहे का ते बघितलं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून खाली सरपटत शिरलो.

"साहेब," ड्रायव्हर वरून म्हणाला, "गाडी विकत घेऊन राहिले का पोरगी पाठवून राहिले?"

मी बाहेर निघालो तेव्हा पांढऱ्या शर्टावर ऑइलचा पट्टा होता आणि सिस्टर पायरीवर उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी केला नाही असं नाही, पण जरा उशिरा केला.

असं करत जून संपला. सगळ्या शाळा उघडल्या. गल्लीतली पोरं दप्तरं घेऊन सकाळी जायची आणि माझी पोरगी नवं दप्तर मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. मी म्हणायचो, घाई करायची नाही. विचार करून राहिलो ना मी. एकदा शेजारच्या पोरानं तिला हाक मारली, "चाल ना शाळेत." तर ही म्हणते, "तुमच्या शाळेमागं बोडी आहे. अन् कान्व्हेंटमधी जिना एकच आहे." पोरगं तोंड उघडं टाकून बघत राहिलं. मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. लेकरानं एकेक गोष्ट लक्षात ठेवली म्हणून मी घरात जाऊन सांगितलं. बायको भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत, फक्त म्हणाली, "अंगनात याच्या आधी ती वर पाहते. आंब्याची फांदी पडन म्हनते. चांगलं आहे का हे?"

मी म्हणालो, सावध आहे. भाकरी मात्र त्या दिवशी जरा जोरात थापल्या गेल्या.

तिसरी शाळा साळ्यानं सुचवली. बायकोचं माहेर आंबागडाखालचं. किल्ल्याच्या त्या अंगाला, जंगलाच्या कडेला, पुण्याकडच्या एका नवरा-बायकोनं शाळा काढली होती. घंटा नाही, परीक्षा नाही, गृहपाठ नाही. शिक्षकांना, म्हणजे त्या दोघांनाही, ताई आणि दादा म्हणायचं. पोरं शेतात, झाडाखाली शिकतात. पोरगी मामाच्या घरी राहून जाऊ शकेल, शनिवार-रविवार घरी येईल. माझ्यासारख्या माणसाला ही कल्पना का पटावी? पण माझं गणित सरळ होतं. मजले नाहीत, म्हणून जिना नाही. चालत जायचं, म्हणून व्हॅन नाही. शेजारी बोडी नाही. मला वाटलं, इथं होणार तरी काय? जंगलात अस्वल असतं, हे मला साळ्यानं बसस्टँडवर सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे पोचलो होतो.

ताईंनी आम्हाला मुद्दाम रोवण्याच्या दिवशी बोलावलं होतं. शाळेचीच बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, आणि तीत गुडघाभर चिखलात वीस-पंचवीस लेकरं धानाची रोपं लावत होती. कोणाची ओळ वाकडी, कोणाची त्याहून वाकडी. सगळ्यांची तोंडं चिखलानं माखलेली. माय धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या उंच कडेवर, थांबली. तिनं छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"हे काय करून राहिले लेकरं?"

"रोवणा शिकताहेत आजी," दादा उत्साहानं म्हणाले. "मातीशी नातं जुळलं पाहिजे ना मुलांचं."

"आमचं होतं ना बापा नातं," माय म्हणाली. "लोकायच्या बांधीत वाकून वाकून कंबर गेली. मी चिखलात होती म्हनून हा शाळेत गेला. आता हा पोरीले शाळेत टाकन अन् शाळा तिले चिखलात टाकन?"

ताईंचा चेहरा पडला, पण त्यांनी सावरून घेतलं. "आजी, मग तुम्हीच दाखवा ना मुलांना, कसं लावायचं ते."

"नाई वो माय. मी आता कोनाच्याच बांधीत उतरत नाई. कोनी कितीबी गोड बोलो." ती धुऱ्यावर छत्रीखाली बसली, लुगडं पायाशी गोळा करून, आणि दुसरीकडे बघायला लागली. ताई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. हळूहळू दोघी बोलायला लागल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण माझे डोळे पोरीवर होते.

तिनं चपला काढल्या होत्या. "बाबा, जाऊ?"

चिखलात काटा असतो, काच असते, पाणसाप असतो. माझं तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "जा."

पोरगी उतरली. पहिले काही पाय तिनं असे टाकले, जसं काही खाली विजेची तार आहे. मग एका मुलीनं तिच्या पाठीवर चिखलाचा हात मारला. ती वळली, विचार केला, आणि तिनंही मारला. मग ती हसली. घरी ती हसते, पण अशी नाही. तोंड पूर्ण उघडून, डोळे मिटून. मला ते बघून बरं वाटायला पाहिजे होतं. मी खिशातली शिट्टी चाचपली. काहींच्या खिशात तंबाखूचा खर्रा असतो, माझ्या खिशात शिट्टी असते.

लागूनच्या बांधीत ट्रॅक्टर चिखल करत होता. लोखंडी चाकं लावलेला. ती चाकं माती कापत, पाणी उडवत फिरतात. मी आल्याबरोबर त्याच्याकडे बघून ठेवलं होतं. मध्ये धुरा होता, म्हणून गप्प होतो.

मग कोणाला तरी खेकडा दिसला. एकच आरडाओरडा झाला. खेकडा धुऱ्यावरून पलीकडे गेला आणि पाच-सहा पोरं त्याच्या मागं. माझी पोरगी शेवटी. पलीकडे म्हणजे ट्रॅक्टरच्या बांधीत. ट्रॅक्टर टोकाला जाऊन वळत होता. बाकीची पोरं क्षणात इकडेतिकडे पांगली. माझी मधात.

मी शिट्टी मारली. कारखान्यात मारतो तशी, लांब.

ती थांबली.

हात अंगाला चिकटवून, मान ताठ, चिखलात पिंढऱ्यांपर्यंत रुतलेली. मी शिकवलं होतं तश्शी. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. चाकांचा आवाज. बायको धुऱ्यावरून उडी मारताना. मायची छत्री पाण्यात उलटी. आणि मी. मी जागचा हललो नव्हतो. शिट्टी दातात धरून मीसुद्धा उभाच होतो. इतक्या वर्षांची सवय माझ्याही पायांत होती. ओरडायचं होतं, पळ म्हणून. पण तो शब्द मी तिला कधी शिकवलाच नव्हता. मलाही तो तोंडात सापडला नाही.

ट्रॅक्टर थांबला. चाकाचा चिखल तिच्या फ्रॉकवर उडाला होता. बायकोनं तिला उपसून काढलं.

ड्रायव्हर खाली उतरला. पोरसवदा नव्हता, माझ्याच वयाचा असेल. "शिट्टी कोनं मारली?"

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"काहून मारली बे? पोट्टी बराबर बाजूले जाऊन राहिली होती. मी पाहूनच राहिलो होतो ना तिले. तिच्या अंदाजानं गाडी घेऊन राहिलो होतो. शिट्टी वाजली अन् खांबासारखी उभी झाली मधात." तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो तिथंच धुऱ्यावर बसला आणि त्यानं तोंडावर हात फिरवला. "मलेही लेकरं आहेत ना गा," एवढंच म्हणाला.

मी चिखलातून तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा माझा एक बूट आतच राहिला होता. कारखान्याचा सेफ्टी शूज, लोखंडी टोपीचा. पोरगी आईच्या कडेवर होती. ती रडत नव्हती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"बाबा, मी हालली नाई," ती म्हणाली.

तिला शाबासकी हवी होती. दरवेळी मिळायची.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोपटता आलं नाही. ती वाट बघत होती, आणि मग तिला वाटलं असावं, की आपलं काही चुकलं. तेव्हा ती रडायला लागली.

तुमसरपर्यंत बसमध्ये मी एक पाय बुटात आणि एक पाय पिशवीत घालून बसलो होतो. कंडक्टरनं विचारलं, तेव्हा माय म्हणाली, "शाळा पहाले गेला होता." एरवी या वाक्यावर मीच सगळ्यात आधी हसलो असतो. पोरगी मायच्या मांडीवर झोपली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. मला सारखं तेच दिसत होतं. ती चांगली चालली होती, बाजूला, तिच्या तिच्या अक्कलेनं. बोडी, जिना, व्हॅन, अस्वल, सगळ्यांचा हिशेब मी ठेवला होता. आणि तिच्या वाटेत उभा राहिलो तो मी.

तुमसरच्या स्टँडवर गाडी बदलताना बायको म्हणाली, "आता शाळा मी ठरवते."

मी मान हलवली.

"गावातलीच. बोडीची."

माझी मान मधेच थांबली. तिनं ते बघितलं.

"तिथं गल्लीतले सारे पोट्टे आहेत," ती म्हणाली. "काही झालं तं एखादा तरी ओरडन तिले, पळ म्हनून. तुमाले ते म्हनता येत नाई, तं त्यायले म्हनू द्या."

"अन् इंग्रजीचं कसं?" मायनं विचारलं. कान्व्हेंटच्या प्रार्थनेवर एवढं बोलूनही तिचा जीव तिथं अडकला होता, हे मला तेव्हा कळलं. तिला भीती होती ती वेगळीच. आपलं लेकरू पुन्हा मागं राहील, याची. ती भीती माझ्या सगळ्या भीतींपेक्षा जुनी होती.

"चौथीनंतर पाहू वो माय," बायको म्हणाली. "सिस्टरची शाळा कुठं पळून चालली? आधी हिले पायानं पळू द्या." मग माझ्याकडे वळली. "अन् तुमी शाळेत यायचं नाई. गेटपर्यंतही नाई."

दुसऱ्या दिवशी आंबागडाच्या ताईंचा फोन आला. मुलं बांधीत असताना ट्रॅक्टर चालू द्यायला नको होता, चूक आमचीही आहे, म्हणाल्या. मी म्हणालो, नाही. फार वेळ आम्ही दोघं एकमेकांची चूक हिसकावून घेत होतो.

पोरगी गावच्या शाळेत गेली आणि आठवडा व्हायच्या आत मॅडमचा निरोप आला. मी कामावर निघालो होतो, त्यांनी वाटेतच गाठलं.

"काय जी, तुमची पोरगी मैदानावर शिट्टी वाजली का उभीच राहते. बाकीचे रांगेसाठी पळतात अन् तिच्यावर येऊन आदळतात. कानाचं काही आहे का?"

कानाचं नाही, माझं आहे, असं म्हणत मला सगळं सांगावं लागलं, भर रस्त्यात, हेल्मेट घालून. मला वाटलं मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वर्गातल्या दोन दांडग्या मुलींना कामाला लावलं. शिट्टी वाजली, की दोघींनी तिचे दोन हात धरायचे आणि ओढत न्यायचं. पहिले काही दिवस ती अक्षरशः फरफटत गेली म्हणे.

म्हणे म्हणजे, मी बघितलं. बायकोनं गेटची मनाई केली होती, बोडीच्या पलीकडच्या काठाची नव्हती. दुपारपाळी असली, की मी तिकडे पळसाआड मोटरसायकल लावून फोनवर बोलल्यासारखं करायचो. येणारेजाणारे विचारायचे, "काय सेफ्टीवाले, मासोळ्या पकडून राहिले का?" मधल्या सुट्टीत पोरं हातपंपावर यायची. तिथून बोडीचं पाणी चार पावलांवर. पोरं वाकून पाण्यात खडे मारायची, एकमेकांना ढकलायची. माझा हात खिशाकडे जायचा. शिट्टी मी कपाटात ठेवून दिली होती, पण आवाज तर होता. मी दात घट्ट मिटून उभा राहायचो. एवढं काम मी कारखान्यात कधी केलं नाही. आणि एक दिवस तीही वाकली, खडा मारायला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हातपंपावर कोणी नव्हतं, आणि ती वर्गात गेली की पाण्यात, हे कळायला मला सबंध पाढ्यांचा तास तिथं थांबून तिचा आवाज शोधावा लागला. कामावर उशीर झाला. कारण विचारलं तर काय सांगणार?

आधी ती घरी आल्यावर मला सगळं सांगायची. कुठं काय मोडकं आहे, कोण कुठून पडलं. तिला माहीत होतं, मला तेच ऐकायला आवडतं. दिवाळीच्या आसपास ते बंद झालं. मी विचारलं, की म्हणायची, "काही नाई. पाढे म्हटले."

परवा मी लवकर घरी आलो. मागच्या दारानं आत शिरत होतो. पुढच्या खोलीत ती आजीजवळ बसली होती. गुडघ्याला पट्टी होती, चांगली रुंद, नर्सच्या हातची, म्हणजे बायकोलाही ठाऊक होतं. पट्टीतून थोडं रक्त वर आलं होतं.

"बाबाले नको सांगशीन," ती आजीला सांगत होती. "ते घाबरतेत."

"नाई सांगत," माय म्हणाली. "कायले सांगू?"

मी तसाच मागं फिरलो. अंगणातून वळसा घालून पुढच्या दाराशी आलो, चपला जरा मोठ्यानं काढल्या, खाकरलो. आत गेलो तेव्हा फ्रॉक गुडघ्याखाली ओढलेला होता आणि माय तांदूळ निवडत होती.

मी पोरीजवळ बसलो. कुठं पडली, बोडीकडे का हातपंपापाशी, एकटी होती का, कोणी ढकललं का, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का. सगळे प्रश्न ओळीनं तोंडाशी आले.

"आज काय झालं शाळेत?"

"काही नाई. पाढे म्हटले."

"म्हण बरं," मी म्हणालो.

ती म्हणायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत ऐकत राहिलो, खाली बघितलं नाही.